चष्मेवाला आणि ‘परका’ हा शब्द

(अकादमीच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भाषेच्या अकादमीनं व्याख्यानाला बोलावलं आणि मी विषय कळवला पक्ष्याचा. संयोजकांनी फोन करून दोनदा खात्री करून घेतली. दुसऱ्या वेळी त्यांनी जरा संकोचानंच विचारलं, “सर, पक्षी म्हणजे रूपक वगैरे ना?” मी म्हटलं, नाही, खराच पक्षी. दहा सेंटिमीटर लांबीचा, पंख असलेला. पण त्याच्या निमित्तानं एका शब्दाविषयी बोलायचं आहे, आणि तो शब्द आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे.

गोष्ट अशी घडली. इंदूरमध्ये आम्ही काही निवृत्त मास्तर मंडळी रविवारी मुलांसाठी मराठीचा वर्ग चालवतो. शाळेत मराठी नाही, घरात अर्धी मराठी अर्धी हिंदी, अशी मुलं येतात. एका रविवारी मी बेटांवरच्या पक्ष्यांविषयी एक पानभर उतारा लिहून नेला होता. त्यात एक वाक्य होतं : ‘परक्या प्राण्यांमुळे बेटांवरचे मूळचे पक्षी नष्ट होत आहेत.’ मुलांनी ते वाचलं. आठवीतल्या एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, “सर, आजी सांगते आम्ही साताऱ्याकडचे. होळकरांच्या वेळी इकडे आलो. मग आम्ही इथे परकेच का?”

वर्गात कोणी हसलं नाही. मीही हसून वेळ मारून नेली नाही, आणि मला उत्तरही देता आलं नाही. ‘पुढच्या रविवारी सांगतो’ असं म्हणालो. मास्तर असं म्हणतो तेव्हा त्याला माहीत नसतं, हे मुलांना ठाऊक असतं. आजचं हे व्याख्यान म्हणजे तो पुढचा रविवार आहे असं समजा.

तो उतारा ज्या पक्ष्यावर होता, त्याचा एक भाऊबंद तुमच्या अंगणात असण्याची शक्यता आहे. शेवग्याला फुलं आली की चिमणीहूनही लहान, पिवळसर हिरव्या पाखरांचा थवा येतो. पानापानाखाली डोकावतो, उलटा लटकतो, एकमेकांना बारीक आवाजात हाका देत राहतो आणि दोन मिनिटांत पुढच्या झाडावर जातो. नीट पाहिलं तर प्रत्येकाच्या डोळ्याभोवती पांढरं शुभ्र कडं दिसतं. मराठीत त्याला चष्मेवाला म्हणतात. हिंदीत बाबूना.

या कुळाला शास्त्रज्ञांनी ग्रीक शब्दांवरून झोस्टेरॉप्स हे नाव दिलं. त्याचा अर्थ डोळ्याला पट्टा बांधलेला. जपानी माणसानं सरळ ‘मेजिरो’ म्हटलं, म्हणजे पांढरा डोळा. चिनी भाषेतल्या नावात डोळ्याभोवती भरतकाम केलेलं आहे. जर्मन माणसाला मात्र आपल्यासारखाच चष्मा दिसला. आणि हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरच्या क्रिओल भाषेत त्याला ‘झ्वाझो लिनेत’ म्हणतात. झ्वाझो म्हणजे पक्षी, लिनेत म्हणजे चष्मा. मराठी आणि क्रिओल या दोन भाषांची नावं ठेवताना भेट झालेली नाही. दोघींनी पाखराकडे पाहिलं आणि दोघींना एकच गोष्ट सुचली. भाषेच्या अभ्यासकाला यापेक्षा चांगलं निमंत्रण कोणतं हवं?

या कुळात शंभराहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या कितीतरी एकेका बेटापुरत्याच आहेत. हे पक्षी लहान असले तरी समुद्र ओलांडतात. एखादा थवा वाऱ्याबरोबर बेटावर पोचतो, तिथेच राहतो, आणि हजारो वर्षांत त्याची वेगळीच जात होते. अशा जातीला मराठीत ‘प्रदेशनिष्ठ’ असा सुंदर शब्द आहे. ती जगात फक्त तिथेच असते, आणि तिथून गेली म्हणजे जगातूनच गेली.

मॉरिशसचा हिरवा चष्मेवाला हा असा प्रदेशनिष्ठ पक्षी. पाठ हिरवट, डोळ्याभोवती कडं, आणि चोच आपल्या चष्मेवाल्यापेक्षा लांब, किंचित वाकलेली. ती फुलांत घालून मध पिण्यासाठी आहे. मध पिता पिता तो झाडांचं परागीभवन करतो. म्हणजे पक्षी आणि जंगल यांचा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो. मी हा पक्षी पाहिलेला नाही, पाहण्याची शक्यताही नाही. पण मॉरिशस म्हटलं की मराठी माणसाला तटस्थ राहता येत नाही, आणि या पक्ष्याची गोष्ट आपल्या माणसांच्या गोष्टीला लागूनच जाते.

डच लोक १६३८ मध्ये त्या बेटावर वस्तीला आले. त्यांनी आबनुसाची झाडं तोडली. ऊसही त्यांनीच आणला. डोडो त्याच शतकात संपला. पुढे फ्रेंच आले, मग १८१० मध्ये इंग्रज. एकोणिसाव्या शतकात साखरेला भाव आला आणि जंगलाच्या जागी उसाचे मळे पसरले. गुलामगिरी बंद झाल्यावर मळ्यांना मजूर हवे होते. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यास सुरुवात झाली. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरत, त्याला आज आप्रवासी घाट म्हणतात. १८३४ ते १९२० या काळात जवळपास पाच लाख माणसं त्या पायऱ्या चढली. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश आणि मद्रास इलाख्यातली. पण मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडची, कोकणातली मराठी माणसंही होती. हेन्रिएटा नावाच्या गावात १८९६ साली एका मराठी कुटुंबानं गणपती बसवला, आणि आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. हेन्रिएटापासून ज्या डोंगराळ भागाला सुरुवात होते, त्याच नैर्ऋत्येकडच्या दऱ्याखोऱ्यांत आज हा हिरवा चष्मेवाला शेवटचा तग धरून आहे.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. बेटावर चांगल्या स्थितीतलं मूळचं जंगल आज दोन टक्क्यांहूनही कमी उरलं आहे. बाकीचं ऊस, चहा, रस्ते आणि वस्त्या यांनी व्यापलं. त्या उसाला आपल्या माणसांचा घाम लागलेला आहे. हे सांगताना मी त्यांच्यावर दोष ठेवत नाही. करारात बांधलेल्या मजुराला कुठलं रान राखायचं आणि कुठलं तोडायचं हे कोणी विचारलं नव्हतं. पण आपल्या स्थलांतराची गोष्ट आपण नेहमी कष्ट, भजन आणि गणपती एवढ्यावर संपवतो. ज्या जमिनीवर ते सगळं घडलं तिचं काय झालं, हा प्रकरणाचा दुसरा भाग आपण लिहीतच नाही. लेखकांनी तो लिहायला हवा असं मला वाटतं.

माणसांबरोबर इतरही पुष्कळ काही त्या बेटावर गेलं. जहाजांतून उंदीर गेले. जावाकडची माकडं गेली. आपली साळुंकी तर आपल्या मजुरांच्या सत्तर वर्षं आधी, १७६२ च्या सुमारास, टोळ खाण्यासाठी मुद्दाम हिंदुस्थानातून नेली गेली. डोक्यावर तुरा आणि गालावर लाल ठिपका असलेला नारद बुलबुल १८९२ मध्ये पोचला. ब्राझीलकडचा एक तांबडा, बोराएवढा पेरू गेला. तिथले लोक त्याला चिनी पेरू म्हणतात आणि हंगामात रानात जाऊन, मीठ-मिरची लावून आवडीनं खातात. हाच पेरू जंगलात असा दाट माजतो की मूळच्या झाडाचं रोप वर येऊ शकत नाही. बुलबुल त्या रानमाजाची फळं खातो आणि बिया पुढे पेरत जातो. उंदीर झाडावर चढून चष्मेवाल्याच्या घरट्यातली अंडी आणि पिलं खातो. माकडंही खातात. एका घरट्यात अंडी दोन-तीनच. त्यातली पिलं उडेपर्यंत टिकणं हा अपवाद होऊन बसला.

२००१ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा या पक्ष्याच्या फक्त शंभर ते दीडशे जोड्या असाव्यात असा अंदाज निघाला. म्हणजे हे सभागृह भरायलासुद्धा जगातले सगळे पक्षी पुरले नसते. धोक्याच्या जागतिक यादीत त्याचं नाव सर्वांत वरच्या, ‘अतिसंकटग्रस्त’ गटात आहे.

मग काय केलं गेलं? इथे वीरगाथा ऐकायला मिळेल अशी अपेक्षा असेल तर निराशा होईल. इथे आहे ती हमालीच. मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याजवळ इल-ओ-एग्रेत नावाचं पंचवीस-सव्वीस हेक्टरांचं प्रवाळी खडकाचं बेट आहे. तिथले उंदीर आधीच संपवले होते, परकी झुडपं हातानं उपटून मूळची झाडं लावली होती. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन, सरकारचा राष्ट्रीय उद्यान विभाग आणि जर्सीची ड्युरेल संस्था यांनी मिळून काम सुरू केलं. दऱ्यांतल्या उंच झाडांवरची घरटी शोधली. ज्या घरट्यांचा टिकाव लागणं कठीण होतं, त्यांतली अंडी आणि पिलं उतरवली, आणि ती हातानं भरवून वाढवली. आठ-दहा ग्रॅमच्या पाखराचं पिल्लू केवढं असेल याची कल्पना करा. त्याला दिवसभर, पुन्हा पुन्हा, चिमट्यानं भरवायचं. २००६ ते २०१० या काळात असे वाढवलेले पक्षी त्या छोट्या बेटावर सोडले गेले. त्यांच्यासाठी मधासारखं गोड पाणी आणि खाणं भांड्यांत रोज ठेवावं लागतं. तिथे त्यांनी घरटी केली, पिलं वाढवली. दऱ्यांतल्या जंगलात उंदीर पकडण्याचे सापळे लावले गेले, आणि जिथे उंदीर आटोक्यात आले तिथे घरटी जास्त यशस्वी होतात हे दिसून आलं.

एवढं करूनही पक्षी अजून अतिसंकटग्रस्तच आहे. सापळे थांबवले की उंदीर परत येतात. भांडी भरणं थांबवलं की काय होईल, याची खात्री देता येत नाही. मी ज्याला हमाली म्हटलं ती हीच. तिला समारोप नाही.

याच कुळातली दुसरी गोष्ट थोडी बरी आहे. सेशेल्सचा झ्वाझो लिनेत करड्या रंगाचा. १९३५ नंतर तो दिसेनासा झाला आणि संपला असं समजण्यात आलं. १९६० मध्ये तो माहे या मुख्य बेटावर पुन्हा सापडला. १९९० च्या दशकात मोजदाद झाली तेव्हा पस्तीसच्या आसपास पक्षी उरले होते, आणि तेही घटत होते. १९९७ मध्ये अभ्यासक माहेच्या पश्चिमेला असलेल्या कोन्सेप्सियों या लहानशा, माणूस न राहणाऱ्या बेटावर गेले, आणि तिथे अडीचशेहून अधिक झ्वाझो लिनेत आरामात राहत होते!

त्या बेटावर कुठलं प्राचीन, अस्पर्श अरण्य नव्हतं. सोडून दिलेली लागवड होती. दालचिनी, नारळ अशा माणसानं आणलेल्या झाडांचं मिश्र रान माजलं होतं. बरं, उंदीरही होते. पण ते जमिनीवर वावरणारे तपकिरी उंदीर. झाडावर सराईतपणे चढणारा काळा उंदीर त्या बेटावर पोचलाच नव्हता. एवढ्या एका फरकानं एक अख्खी जात वाचली. मी माझ्या उताऱ्यात ‘उंदीर’ असा एकच शब्द लिहिला होता. शब्द चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. कुठला उंदीर, काय करणारा, हे विचारल्याशिवाय तिथली गोष्ट कळतच नाही.

पुढे २००१ मध्ये, उंदीर काढून टाकलेल्या फ्रेगात बेटावर काही पक्षी नेऊन सोडले. २००७ मध्ये नॉर्थ आणि कुझीन या बेटांवर नेले. नव्या घरी ते वाढले. आज ही जात अतिसंकटग्रस्त राहिलेली नाही. धोक्याच्या पायऱ्या उतरून ती ‘असुरक्षित’ या गटात आली आहे. असुरक्षित म्हणजे सुरक्षित नव्हे, हे मराठीच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. पण वरून खाली उतरता येतं, एवढं तिनं दाखवलं.

आता मी त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो.

मी उताऱ्यात ‘परके प्राणी’ असं लिहिलं. पण सेशेल्सच्या पक्ष्याला परक्या दालचिनीनं आसरा दिला. मॉरिशसचा चष्मेवालाही बाहेरून आलेल्या काही झाडांच्या फुलांतला मध पितो. म्हणजे बाहेरून येणं हा त्या झाडांचा गुन्हा नव्हता. पेरू माजतो आणि दुसऱ्याला उगवू देत नाही, हा प्रश्न आहे. काळा उंदीर घरटं रिकामं करतो, हा प्रश्न आहे. निसर्गरक्षणाच्या शास्त्रात यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, आणि मराठीतही ते आहेत : ‘परकी’ आणि ‘आक्रमक’. पहिला शब्द कुठून आलं ते सांगतो, दुसरा काय करतं ते सांगतो. माझ्यासारखे घाईनं भाषांतर करणारे लोक हे दोन शब्द एकमेकांत कालवून टाकतात. मग वाक्य सोपं होतं आणि अन्यायाचंही होतं.

याच चष्मेवाल्याच्या कुळात या प्रश्नाचं आणखी एक उत्तर सापडतं. १८५६ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाकडून एक चष्मेवाला समुद्र ओलांडून मोठ्या संख्येनं न्यूझीलंडला पोचला. माओरी लोकांनी त्याला नाव ठेवलं ‘ताउहोउ’. त्याचा अर्थ परका, नवखा. ते नाव आजही तसंच आहे. पण पक्षी आता तिथल्या मूळ पक्ष्यांत गणला जातो, कारण तो स्वतःच्या पंखांनी आला आणि तिथला होऊन राहिला. नाव परक्याचं, जागा घरच्याची. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद इथल्या मराठी माणसाला ही अवस्था नवी वाटणार नाही.

इथे मात्र मी स्वतःलाच थांबवतो. माणूस म्हणजे प्राण्याची जात नव्हे. स्थलांतर करून आलेल्या माणसांची तुलना उंदराशी किंवा रानमाजाशी करणं ही भाषेतली चूक तर आहेच, पण ती फार लवकर रस्त्यावरची दगडफेक होते. हे जगात अनेक ठिकाणी घडलेलं आहे. जे शब्द जंगलासाठी बनवले ते माणसांच्या वस्तीत नेऊ नयेत, ही जबाबदारी शिक्षकाची आणि लेखकाची आहे. मी त्या मुलीला उत्तर दिलं तेव्हा पहिल्यांदा एवढंच सांगितलं : “बाळ, वाक्य माझं चुकलं. तुझा प्रश्न बरोबर होता.”

मग दुसरी गोष्ट सांगितली. जिथे आपण पाच-सात पिढ्या राहतो, तिथे आपण परके आहोत की नाही, हे कोणी कागदावर ठरवू दे. पण तिथल्या झाडापाखरांची नावं आपल्याला माहीत आहेत का, तिथलं काही आपल्यामुळे टिकलं का, एवढं आपल्या हातात असतं. मॉरिशसमध्ये आज जे तरुण उंदरांचे सापळे तपासत डोंगर चढतात, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून, हिंदुस्थानातून, चीनमधून, युरोपातून आले. त्या बेटावर मूळचा असा माणूस कोणीच नव्हता. मूळचा होता तो चष्मेवाला. ज्याचा कोणी पूर्वज तिथला नाही अशा माणसानं त्या पाखराची जबाबदारी घेणं, यालाच मी तिथलं होणं म्हणेन.

शिक्षकमित्रांना शेवटी दोन साधी कामं सुचवतो. तुमच्या गावातल्या दहा पक्ष्यांची नावं मुलांकडून गोळा करा. घरात मराठीत काय म्हणतात, शेजारी हिंदीत, गुजरातीत, कन्नडमध्ये, तेलुगूत, कोंकणीत काय म्हणतात, ते एका तक्त्यात लिहा. अशा तक्त्याला खर्च नाही आणि त्यात भाषांचं भांडणही नाही. दुसरं, पाठ्यपुस्तकात किंवा तुमच्या स्वतःच्या उताऱ्यात ‘परका’ हा शब्द आला की क्षणभर थांबा आणि तिथे ‘आक्रमक’ म्हणायचं आहे का, ते पाहा.

आमच्या वर्गातल्या मुलांनी तो तक्ता सुरू केला आहे. चष्मेवाल्याच्या रकान्यात मराठी, हिंदी, जपानी, जर्मन आणि क्रिओल नावं भरून झाली. त्या मुलीनं खाली एक ओळ स्वतःहून वाढवली आहे. ‘ताउहोउ’ हे नाव लिहून पुढे अर्थाच्या जागी तिनं ‘परका’ लिहिलं, आणि मग ते खोडून ‘नवा पाहुणा’ असं केलं. माओरी भाषेच्या दृष्टीनं ते कितपत बरोबर आहे याची चर्चा व्हायला हरकत नाही. मी ते दुरुस्त केलेलं नाही.